दहावीचें घर

घरांत लग्न निघालें म्हणजे काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आजारपण आलें म्हणजे काय होतें हेंहि सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या घरांत दहावीस बसलेलें मूल असतें त्या घराची कळा या दोहोंहून निराळी असून, तिचें वर्णन मराठी वाङ्मयांत जितकें यावयास हवें तितकें अद्यापि आलेलें नाहीं, असें आमचें नम्र मत आहे. लग्नघरची धांदल आणि आजाऱ्याच्या खोलींतील शांतता हीं दोन्ही तेथें एकाच वेळीं नांदत असतात. पाहुण्यांस 'यंदा नको, मार्चनंतर या' असें कळविलें जातें. टीव्ही मुका होतो. कुकरच्या शिट्ट्या मोजून घेतल्या जातात. देव पाण्यांत बसतात आणि बदाम दुधांत. आणि पहाटे साडेचारच्या गजरानें, जिच्यासाठीं तो लावलेला असतो ती खेरीजकरून, घरांतील एकूण एक माणूस जागें होतें.

आमच्या घरीं हा योग नुकताच येऊन गेला. आमचें कुटुंब म्हणजे तीर्थरूप आप्पा व मातोश्री, दादा-वहिनी व त्यांचे चिरंजीव, आम्ही उभयतां व आमची कन्या, आणि 'चार दिवस माहेरपणाला' म्हणून येऊन गेलीं सहा वर्षें राहिलेल्या आत्याबाई, अशीं नऊ माणसें. पुण्याच्या पेठेंतील जुनें घर, भिंती जाड; तरी एकाचें बोलणें दुसऱ्यास ऐकूं जाऊं नये इतक्या जाड भिंती अद्याप कोणीं बांधल्या नाहींत. कन्येस दहावीचें वर्ष लागतांच उरलेल्या आठहि जणांस आपापली परीक्षा आठवूं लागली, आणि प्रत्येकाच्या मतें खरी परीक्षा ती आपलीच; मागून झालेल्या त्या केवळ पोरखेळ.

या वादाचें मूळ दिवाणखान्याच्या भिंतीवर आहे. तेथें आमच्या कैलासवासी आजोबांचें मॅट्रिकचें सर्टिफिकेट चौकटींत टांगलेलें आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, १८५९ सालीं त्याची पहिली मॅट्रिक झाली, आणि त्या पहिल्या तुकडींत महादेव गोविंद रानडे होते. आजोबा १९३४ सालचे. पण रानड्यांची गोष्ट ते अशा थाटांत सांगत कीं, ऐकणारास दोघांमध्यें पाऊणशें वर्षांचें नव्हे, तर दोन बाकांचें अंतर वाटावें. टांक, पाण्यांत विरघळविलेल्या शाईच्या गोळ्या (त्याहि स्वदेशी, दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं सुरूं केलेल्या व पुढें कॅम्लिन या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कारखान्याच्या), भांडारकरांचीं संस्कृतचीं दोन पुस्तकें आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला एवढ्या सामग्रीवर आपण तो गड सर केला, असें ते सांगत. १९६२ सालीं सरकारनें शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले व न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. आजोबांनीं तें वर्तमानपत्रांत वाचलें, वर्तमानपत्राची नीट घडी घातली, आणि आपले अनुस्वार अखेरपर्यंत चालूं ठेवले. आमच्या हातीं पेन्सिल प्रथम त्यांनींच दिली. तेव्हां हें लिखाण वाचतांना अक्षरांच्या डोक्यावरील ठिपके ज्यांस खटकतील त्यांनीं तो भाग आमच्या वारसाहक्काचा समजावा.

आप्पा १९६८ चे. तोंपर्यंत मॅट्रिक हें नांव सरकारी कागदांतून जाऊन एस.एस.सी. आली होती, आणि १ जानेवारी १९६६ पासून महाराष्ट्राचें नवें मंडळहि आलें होतें. परंतु वर्ग अकरावाच असल्यामुळें आप्पा स्वतःस मॅट्रिकच म्हणवितात. आत्याबाई त्यांच्याहून आठ वर्षांनीं लहान. मार्च १९७५ मध्यें दहावीच्या नव्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा झाली, तीस त्या बसल्या. तेव्हांपासून या भावाबहिणींचा एक दावा चालूं आहे. "अकरावीची मजल तुला ठाऊकच नाहीं," असें आप्पा म्हणतात. "जें तुम्हांला अकरा वर्षांत जमलं तें आम्ही दहांत केलं," असें आत्याबाई उत्तर देतात. सणावारीं पंगतींत वरणभातापासून श्रीखंडापर्यंत हा दावा चालतो आणि ताकापाशीं तहकूब होतो.

सौभाग्यवती नागपूरच्या. तिकडील मार्च महिन्याच्या उन्हांत सोडविलेल्या पेपराला दहा गुण अधिक धरले पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें. आम्ही स्वतः १९९४ चे. पुरवणीला दोरा बांधण्याच्या व अपेक्षित प्रश्नसंच उशाशीं घेऊन निजण्याच्या काळांतले. दादांचे चिरंजीव मात्र २०२१ चे. त्या वर्षीं साथीमुळें परीक्षाच झाली नाहीं. नववीच्या व दहावीच्या शाळेंतील गुणांवरून निकाल लागला आणि शेंकडा ९९.९५ मुलें उत्तीर्ण झालीं. त्यामुळें घरच्या वादांत या मुलास उभें राहण्यास जागा नाहीं. "पेपर न लिहितां पास झालेल्यानं मध्यें बोलूं नये," असें आमची कन्या त्यास ऐकविते, आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास असलेला तो घोडा निमूटपणें पुढची पोळी घेतो.

'बेस्ट ऑफ फाइव्ह' नांवाचा एक नियम २०१० सालीं निघाला. विषय सहा, पण ज्या पांचांत गुण अधिक तेवढ्यांवरूनच टक्केवारी धरावयाची. कन्येनें तो एकदां आजीस समजावून सांगितला. मातोश्रींनीं तो लक्षपूर्वक ऐकला, जेवावयास बसलेल्या मंडळींवरून एकवार नजर फिरविली, आणि विचारलें, "घरांतल्या नऊ माणसांना नाहीं का ग तो लावतां येत?" त्या दिवसापासून आम्ही सर्वजण जरा बेतानें वागतों.

असें हें दिवाळीपर्यंत हंसतखेळत चाललें होतें. पाडव्याच्या फराळाच्या वेळीं वहिनींनीं सहज म्हणून विचारलें, "पुढें सायन्सच ना ग?" कन्येनें चकलीचा तुकडा मोडला आणि तितक्याच सहजपणें सांगितलें, "नाहीं काकू, मी आर्ट्सला जाणार. मला मानसशास्त्र घ्यायचंय."

चकलीचा आवाज घरांत इतका मोठा होतो हें आम्हांस त्या वेळीं प्रथम कळलें. सर्वांत आधीं आत्याबाई सांवरल्या. "या घरांत राहून मानसशास्त्र शिकायला कॉलेजांत कशाला जायला हवं?" असें त्या म्हणाल्या, व त्यांत तथ्यहि आहे. परंतु आप्पा हंसले नाहींत. "नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीनं आर्ट्सला जायचं म्हणजे पैठणी नेसून भांडीं घासायला बसायचं!" एवढें बोलून त्यांनीं फराळाचें ताट पुढें सारलें.

आप्पांचा राग समजून घ्यावयाचा तर आमच्या वेळची वाटणी ठाऊक असावयास हवी. गणितांत ऐंशींच्या वर गुण मिळाले तो विज्ञानास, पन्नासच्या वर तो वाणिज्यास, आणि उरेल तो कलेस, असा मध्यमवर्गीय घरांत अलिखित कायदाच होता. मुलास काय आवडतें हा प्रश्न त्यांत कोठेंच येत नसे, आणि तो न विचारण्यांत कोणास क्रौर्यहि वाटत नसे. पंगतींत वाढप्या मीठ डावीकडे वाढतो तेव्हां तो पानावर बसलेल्याची आवड विचारीत नाहीं. आम्हीहि त्याच रांगेनें विज्ञानास गेलों व पुढें पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यांत लागलों. हें तक्रारीच्या सुरांत लिहीत नाहीं. त्या नोकरीनें घर चाललें आहे, आणि यंत्रांचा व आमचा सलोखा माणसांच्या मानानें बराच बरा आहे.

नंतरचे कांहीं आठवडे घरांत वाग्युद्ध चाललें. त्यांत उभय पक्षांनीं एकाच माणसास साक्षीस बोलाविलें, ही मौज नोंदवून ठेवण्यासारखी आहे. आप्पांनीं चिंतामणराव देशमुखांचें नांव काढलें: १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांना, तरी पुढें केंब्रिजला जाऊन त्यांनीं वनस्पतिशास्त्रादि विज्ञानेंच घेतलीं कीं नाहीं? यावर आत्याबाईंनीं प्रत्युत्तर केलें कीं, त्या वनस्पतिशास्त्राचें पुढें काय झालें? माणूस आय.सी.एस. झाला, १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला, आणि मराठींत उतरवायला त्यानें घेतलें तें कालिदासाचें मेघदूत! जन्मभर बँकेंत नोकरी केलेल्या आप्पांस बँकेच्याच गव्हर्नरानें तोंडघशीं पाडावें हें फार लागलें. दोन दिवस त्यांनीं बहिणीशीं बोलणें टाकलें. तिसऱ्या दिवशीं वीजबिल कोणीं भरावयाचें यावरून तें पूर्ववत् सुरूं झालें.

पण या थट्टेमस्करीच्या खालीं एक गोष्ट घडत होती. तिसरीपासून आमची कन्या रोज दिवेलागणीनंतर आप्पांपाशीं गणितास बसत असे. आप्पांचा पाट, तिचा पाट, मध्यें पाटी. पुढें पाटीची वही झाली, पण पाट तेच राहिले. दिवाळीनंतर ती माडीवर आपल्या खोलींत एकटी अभ्यास करूं लागली. आप्पा नित्याच्या वेळीं पाटावर येऊन बसत, थोडा वेळ पंचांग चाळीत, आणि उठून जात. दोघेंहि एकमेकांशीं अत्यंत सभ्यपणें बोलत. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस सांगावयास नको कीं, माणसें सभ्यपणें बोलूं लागलीं म्हणजे समजावें कीं कांहीं तरी बिनसलें आहे.

जानेवारीच्या अखेरीस पूर्वपरीक्षेचे पेपर दाखविण्यासाठीं शाळेनें पालकांस बोलाविलें. एरवीं सौभाग्यवती जात. त्यांस त्या दिवशीं रजा मिळेना, म्हणून आम्ही गेलों. शाळा आमचीच, आप्पांची व आत्याबाईंचीहि तीच. तिच्या दरवाजांतून आंत शिरतांना माणसाचें वय तीस वर्षांनीं उतरतें हा अनुभव पुष्कळांनीं घेतला असेल. वजन मात्र उतरत नाहीं, हें बाकावर बसतांना कळतें. घंटा म्हणून टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा जागच्या जागीं होता. पाण्याच्या टांकीचा डावीकडील तिसरा नळ आमच्या वेळीं गळत असे, तो त्याच निष्ठेनें अजून गळत आहे. चित्रकलेच्या वर्गांत आतां संगणक आले आहेत. पण जिन्याखालची अंधारी जागा, जेथें मधल्या सुटींत चिंचाबोरांचा व्यवहार चाले, ती तशीच आहे, आणि तेथें उभ्या असलेल्या दोन मुलांनीं आम्हांस पाहतांच हात पाठीमागें नेले. आम्हांस फार बरें वाटलें.

कन्येच्या वर्गशिक्षिका आमच्याच वर्गांतल्या, हें आम्ही ऐकून होतों. इतर पालकांशीं त्या 'या', 'बसा', 'आपण' अशा भाषेंत बोलत होत्या. आमची पाळी येतांच त्यांनीं चष्मा वर केला आणि साऱ्या वर्गास ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणाल्या, "अरे बखर! तूं होय!"

येथें खुलासा केला पाहिजे. दप्तर विसरलें एवढें सांगावयाचें असलें तरी आम्ही तें वार, तिथि व पूर्वपीठिका यांसह सांगत असूं, म्हणून वर्गानें आम्हांस हें नांव दिलें होतें. दाराशीं उभ्या असलेल्या कन्येच्या मुद्रेवर जो आनंद पसरला तो पाहून आम्ही ओळखलें कीं, घरांत आमचें जें कांहीं वजन होतें तें त्या क्षणीं संपुष्टांत आलें. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरांत तें नांव रूढ झालेंहि.

पण शिक्षिकाबाईंनीं कन्येस बाहेर पाठविलें आणि गणिताच्या दोन्ही भागांचे पेपर आमच्यापुढें पसरले. एकांत ४० पैकीं २२, दुसऱ्यांत १९. "हिला गणित येत नाहीं असं समजूं नकोस," त्या म्हणाल्या. "पहिल्या चार पानांत एक चूक काढून दाखव. पुढचं तिनं लिहिलंच नाहीं. कोरं सोडलं आहे." आम्हीं पानें उलटलीं. खरेंच, चार पानें मोत्यांसारखीं आणि मग स्वच्छ कागद.

"मीं तिला विचारलं," त्या पुढें म्हणाल्या. "म्हणते, गणितांत ऐंशींच्या वर मिळाले कीं घरचे सायन्सला घालतात. बेस्ट ऑफ फाइव्हमध्यें गणित वगळलं जाईल आणि टक्केवारीला धक्का लागणार नाहीं, असा तिनं हिशेब मांडलाय. मीं तपासून पाहिला. हिशेब बरोबर आहे."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. बाहेर मधल्या सुटीची घंटा झाली. बाईंनीं टेबलाच्या खणांतून खाकी वेष्टणाची एक जाड वही काढली व कन्येस आंत बोलावून तिच्या हातीं दिली. १९९३-९४ चें शाळेचें हस्तलिखित होतें तें. "घरीं ने, उद्यां परत आण. पान एकोणीस," इतकेंच त्या म्हणाल्या.

पान एकोणीसवर 'मी मोठेपणीं कोण होणार?' हा आमचा निबंध होता. रात्रीं जेवणें झाल्यावर कन्येनें तो दिवाणखान्यांत उभें राहून मोठ्यानें वाचला. पंधरा वर्षांच्या त्या लेखकानें लिहिलें होतें कीं, आपण मोडी शिकून पेशवे दप्तरांत बसणार. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० पासून त्या दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग छापले असले, तरी रुमालांत बांधलेले कागद अजून मोप शिल्लक आहेत, आणि ते कोणी तरी वाचलेच पाहिजेत. राजवाडे प्रभृतींनीं १९१० सालीं स्थापिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळांत आपण दर आठवड्यास एक टिपण वाचणार. एक सायकल व दोन वेळचें जेवण याहून अधिक आपणांस कांहीं नको; जेवण घरींच मिळेल. शेवटच्या वाक्यावर दादांचे चिरंजीव मोठ्यानें हंसले, आणि कोणी त्यास दटाविलें नाहीं, कारण सगळेच हंसत होते.

आप्पा हंसले नाहींत. त्यांनीं हात पुढें करून ती वही मागून घेतली, चष्मा पुसला, आणि पहिल्या ओळीपासून मनांत वाचूं लागले. त्यांस हा निबंध ठाऊक नव्हता. शाळेचें हस्तलिखित शाळेच्या कपाटांत राहतें, घरीं येतो तो गुणांचा कागद. वाचून झाल्यावर ते आम्हांस म्हणाले, "हें तूं मला कधीं बोलला नाहींस."

"आपण विचारलं नव्हतं," असें आम्ही म्हणालों. रागानें नव्हे, तें खरेंच होतें.

"आमच्या वडिलांनींहि आम्हांला विचारलं नव्हतं," आप्पा म्हणाले. त्यांनीं भिंतीवरील चौकटीकडे पाहिलें. मातोश्री पाणी आणावयास म्हणून उठल्या त्या बराच वेळ आल्या नाहींत.

मग आप्पांनीं खिशांतून तांबडें पेन काढलें. "अहो, शाळेची वही आहे ती!" म्हणून आत्याबाई ओरडल्या, तेव्हां त्यांनीं पेन ठेवून पेन्सिल घेतली. निबंध लिहिला तेव्हां आमचे शिक्षक नव्या नियमांचे आणि आमची लेखणी आजोबांच्या वळणाची. पान अनुस्वारांनीं भरलेलें होतें. आप्पांनीं बँकेंतील चोपड्या तपासाव्या त्या बारकाईनें एकेका अनुस्वाराभोंवतीं फिकट गोल काढले आणि शेवटीं समासांत लिहिलें: ७/१०.

"तीन कशाचे कापले?" कन्येनें वांकून विचारलें.

"दोन शुद्धलेखनाचे," आप्पा म्हणाले. तिसऱ्याचें कारण त्यांनीं सांगितलें नाहीं. वही मिटून त्यांनीं तिच्या हातीं दिली आणि विचारलें, "तुमच्या त्या मानसशास्त्राला गणित लागतं का ग?"

"संख्याशास्त्र लागतं, आजोबा. पुढें बरंच लागतं."

"मग पानं कोरीं सोडून कसं भागेल?" ते उठतां उठतां म्हणाले. "उद्यां दिवे लागले कीं पाट मांड. भूमितीपासून धरूं. आणि काय ग, त्यांत नापास झाल्याशिवाय आर्ट्सला घेत नाहींत, असा कांहीं नियम आहे का?"